लाइन वाढवण्याआधी ग्राफ बघा: ऑफिसच्या राउटर-सर्व्हरवर ट्रॅफिक मॉनिटरिंग कसं लावायचं

"सर, संध्याकाळचे सहा वाजले की बिलिंग हलतच नाही बघा." सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या अकाउंटंट मॅडमचा हा फोन मला जवळपास महिनाभर रोज येत होता. टॉवेलचा कारखाना. सर्व्हर अक्कलकोट रोडच्या ऑफिसात आणि चिंचोळीची माणसं व्हीपीएनवरून (इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणाऱ्या खासगी वाटेने) त्यावर काम करायची. मी मालकांना सांगून अक्कलकोट रोडचा ५० एमबीपीएसचा प्लॅन १०० चा करायला लावला. काडीचाही फरक पडला नाही.

मग राउटरवर मॉनिटरिंग लावलं आणि दुसऱ्याच दिवशी कारण दिसलं. डाउनलोड पाव भागसुद्धा भरत नव्हता. अपलोडची रेघ मात्र बरोबर सहाला १० एमबीपीएसला जाऊन टेकायची ती पावणेआठपर्यंत खाली यायची नाही. सर्व्हरचा साधारण आठ जीबीचा बॅकअप त्याच वेळी क्लाउडवर निघत होता, आणि सर्व्हरवरून चिंचोळीला जाणारी माहितीही त्याच अपलोडमधून जायची. नव्या प्लॅनमध्ये डाउनलोड दुप्पट झालं होतं, अपलोड होतं तेवढंच. बॅकअपची वेळ रात्री दोनची केली आणि फोन थांबले. मालकांनी वाढीव भाडं मात्र वर्षभराचं आगाऊ भरलं होतं, याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून हे सगळं नीट लिहून काढतोय. पाच-पंचवीस कॉम्प्युटरच्या ऑफिसला लागेल तेवढंच.

पहिली पायरी: कागद आणि पेन

इंटरनेटची तार ऑफिसात कुठून येते, कुठल्या डब्यात जाते, तिथून राउटर, राउटरच्या कितव्या पोर्टातून स्विच, स्विचच्या कितव्या पोर्टावर सर्व्हर, कुठल्या पोर्टावर सीसीटीव्हीचा एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा), हे सगळं कागदावर काढा. रॅकपाशी उभं राहून, एकेक केबल हातात धरून काढा. आठवणीतून काढलेला नकाशा हमखास चुकतो. मग प्रत्येक पोर्टाला राउटरमध्ये आणि स्विचमध्ये नाव द्या: 'इंटरनेट', 'सर्व्हर', 'कॅमेरे', 'पहिला मजला'. पुढे ग्राफवर हीच नावं दिसतात. 'पोर्ट ३' एवढंच दिसलं तर सहा महिन्यांनी तुम्हालाही अर्थ लागणार नाही.

याच वेळी एक गोष्ट तपासा. इंटरनेट कंपनीने दिलेल्या फायबरच्या डब्यात बहुतेक वेळा एसएनएमपीची (यंत्राकडून आकडे मागवायच्या भाषेची, पुढच्या पायरीत सांगतो) सोय नसते, साध्या स्वस्त स्विचमध्येही नसते. अशा वेळी त्या डब्यामागे स्वतःचा राउटर लावा. छोट्या ऑफिसला मी मायक्रोटिक कंपनीचा राउटर सुचवतो. स्विच मॅनेज्ड (आत शिरून सेटिंग करता येणारा) घेता आला तर उत्तम. नसेल जमत, तर राउटर आणि सर्व्हर एवढ्यावरही बरंच कळतं.

दुसरी पायरी: राउटरला बोलतं करा

एसएनएमपी म्हणजे यंत्राला 'आत्तापर्यंत किती?' असं विचारायची ठरलेली भाषा. राउटरच्या प्रत्येक पोर्टावर एक काउंटर सतत पुढे जात असतो, विजेच्या मीटरसारखा. मॉनिटरिंगचं मशीन दर पाच मिनिटांनी रीडिंग घेतं, मागचं रीडिंग वजा करतं आणि ३०० सेकंदांनी भागतं. ग्राफवरचा एकेक ठिपका असा येतो.

मायक्रोटिकमध्ये 'आयपी' मेनूत 'एसएनएमपी' उघडून ते चालू करा. लगेच कम्युनिटीच्या यादीत जा. कम्युनिटी म्हणजे रीडिंग मागताना सांगायचा परवलीचा शब्द. तिथे 'पब्लिक' नावाची कम्युनिटी आधीपासून असते आणि ती कुठूनही विचारणाऱ्याला उत्तर देते. हे नाव बदला आणि पत्त्याच्या जागी फक्त मॉनिटरिंग मशीनचा आयपी टाका. परवानगी फक्त वाचण्याची ठेवा. एसएनएमपीचं व्हर्जन ३ जमत असेल तर तेच वापरा. व्हर्जन १ आणि २सी मध्ये हा परवलीचा शब्द तारेवरून उघडाच जातो, ३ मध्ये पासवर्ड आणि एन्क्रिप्शन दोन्ही मिळतं.

एसएनएमपी यूडीपी १६१ या पोर्टावर चालतं. इंटरनेटच्या बाजूने हा पोर्ट फायरवॉलमध्ये बंदच पाहिजे, यात तडजोड करू नका. उघडा राहिला तर तुमच्या नेटवर्कची आतली माहिती बाहेर जाते, शिवाय तुमचाच राउटर दुसऱ्यावर हल्ला करायला वापरला जातो: लहानसा प्रश्न खोट्या पत्त्यावरून विचारायचा आणि मोठं उत्तर त्या पत्त्यावर धाडायचं.

तिसरी पायरी: सर्व्हर

लिनक्सवर एसएनएमपीडी हे पॅकेज टाका. ते सुरुवातीला फक्त स्वतःच्याच मशीनला उत्तर देतं, त्यामुळे 'सगळं बरोबर आहे पण उत्तर येत नाही' असा अनुभव जवळपास प्रत्येकाला येतो. कॉन्फिग फाइलमध्ये ऐकायचा पत्ता बदला, कम्युनिटीपुढे मॉनिटरिंग मशीनचा आयपी लिहा, सर्व्हिस पुन्हा चालू करा. विंडोज सर्व्हरवर एसएनएमपी सर्व्हिस फीचर म्हणून जोडता येते. तिच्या सिक्युरिटी टॅबमध्ये मॉनिटरिंग मशीनचा पत्ता घालायला विसरू नका.

चौथी पायरी: मॉनिटरिंगचं मशीन

कोपऱ्यात पडलेला जुना डेस्कटॉप चालतो. चार जीबी रॅम, एक एसएसडी, त्यावर उबंटू. रास्पबेरी पाय वापरायचा असेल तर मेमरी कार्डावर ठेवू नका. दर पाच मिनिटांनी होणाऱ्या लिखाणाने कार्ड लवकर झिजतं. मशीन यूपीएसवर हवं आणि बायोसमध्ये 'वीज आल्यावर आपोआप सुरू' हे सेटिंग हवं, नाहीतर रविवारी लाइट गेली की सोमवारपर्यंत ग्राफ कोरा.

सॉफ्टवेअर? मोफतमध्ये माझी पहिली पसंती लिब्रेएनएमएसला. राउटरचा आयपी आणि कम्युनिटी दिली की सगळे पोर्ट ते स्वतःच शोधून काढतं. विंडोज सर्व्हर जास्त असतील तर झॅबिक्स बघा. त्याचा एजंट (त्या मशीनवर टाकायचा छोटा प्रोग्राम) मशीनच्या आतली माहिती चांगली देतो, पण शिकायला वेळ लागतो. फक्त एका राउटरचा ग्राफ हवा असेल तर एमआरटीजी पुरेसं आहे. टोबियास ओएटिकर यांनी ते १९९४ साली इंग्लंडमधल्या लेस्टरच्या डी मॉन्टफोर्ट विद्यापीठात असताना लिहायला घेतलं. तिथे हजाराहून जास्त कॉम्प्युटरना ६४ केबीपीएसची एकच लाइन होती. त्यांच्याच आरआरडीटूल या आकडे साठवून ग्राफ काढणाऱ्या साधनावर लिब्रेएनएमएसचे ग्राफ आजही उभे आहेत.

एक सेटिंग मात्र डोळ्यांत तेल घालून तपासा. जुन्या ३२ बिटच्या काउंटरमध्ये सुमारे ४२९ कोटी बाइट मावतात, मग तो पुन्हा शून्यावर येतो. १०० एमबीपीएसची लाइन पूर्ण भरून चालली तर हे पावणेसहा मिनिटांत होतं, एक जीबीपीएसवर ३४ सेकंदांत. पाच मिनिटांच्या दोन रीडिंगमध्ये काउंटर आठ-नऊ वेळा फिरला तर येणारा आकडा निव्वळ खोटा. म्हणून ६४ बिटचे काउंटर वापरा. ते व्हर्जन १ मध्ये मिळत नाहीत, २सी किंवा ३ लागतं.

पाचवी पायरी: आकडा खरा आहे का?

ही पायरी लोक गाळतात. ऑफिस सुटल्यावर एखादी दोन-तीन जीबीची फाइल डाउनलोड करा, वेळ लिहून ठेवा आणि ग्राफशी ताडून बघा. ताडताना बिट आणि बाइटचा घोळ घालू नका. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबाइट नव्हे, साडेबारा. राउटरच्या इंटरनेट पोर्टावर 'इन' म्हणजे डाउनलोड. पण स्विचकडे जाणाऱ्या पोर्टावर तेच डाउनलोड 'आउट' म्हणून दिसतं. हे उलटं वाचून चुकीच्या मशीनवर दोन दिवस घालवलेले मी पाहिले आहेत.

सगळ्या यंत्रांची घड्याळंही एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवायच्या पद्धतीने) जुळवून घ्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) वेळेशी जुळवायची आणि लॉग, म्हणजे यंत्रांच्या नोंदी, १८० दिवस जपून ठेवायचे आहेत. ग्राफ म्हणजे लॉग नव्हे, त्यांची व्यवस्था वेगळी करावी लागते.

मग थांबा

निदान दोन आठवडे काही बदलू नका, नुसतं बघा. सकाळी दहाला चढ, जेवणाच्या वेळी उतार, जीएसटीच्या मुदतीआधी धावपळ, असं प्रत्येक ऑफिसचं एक वळण असतं. ते ओळखीचं झालं की वेगळं काही घडलेलं लगेच डोळ्यांत भरतं. आमच्याकडे मी संक्रांतीच्या सुमाराचा ग्राफ आवर्जून उघडतो. सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक असते त्या दिवशी ऑफिसला कुलूप असतं, म्हणजे रेघ जमिनीला टेकलेली हवी. एका ठिकाणी कुलूप असतानाही अपलोड सारखं चालू दिसलं. कॅमेऱ्याच्या एनव्हीआरवर कंपनीचा मूळ पासवर्ड तसाच होता आणि कोणीतरी बाहेरून फुटेज ओढत होतं.

वर्षाच्या ग्राफवरून मात्र लाइन पुरेशी आहे की नाही ते ठरवू नका. एमआरटीजीच्या दिवसाच्या ग्राफवर पाच मिनिटांची सरासरी असते, आठवड्याच्या ग्राफवर तीस मिनिटांची, महिन्याच्या ग्राफवर दोन तासांची आणि वर्षाच्या ग्राफवर अख्ख्या दिवसाची. संध्याकाळचे पावणेदोन तास गच्च भरलेली लाइन तिथे अगदी निवांत दिसते.

कोण वापरतंय हे पोर्टाच्या ग्राफवरून कळत नाही. त्यासाठी मायक्रोटिकमधलं 'टॉर्च' त्या क्षणापुरतं दाखवतं आणि 'ट्रॅफिक फ्लो' नोंद बाहेर पाठवतं. कुठल्या मशीनवरून कुठल्या पत्त्याकडे किती डेटा गेला, एवढं त्यात असतं. हे चालू करण्याआधी ऑफिसातल्या सगळ्यांना स्पष्ट सांगा. लपवून लावलेली नजर उघडी पडली की माणसं तुमच्यापासून खऱ्या अडचणीही लपवायला लागतात.

अलर्ट

'८० टक्के झाले की मेसेज' असं लावू नका, दिवसभर फोन वाजत राहील आणि आठवड्यात तुम्ही तो म्यूट कराल. '८० टक्क्यांच्या वर सलग पंधरा मिनिटं' असं लावा. राउटर तापमान देत असेल तर त्याचाही अलर्ट हवा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि जिन्याखालच्या बंद कपाटात ठेवलेल्या राउटरचे हाल बाहेरच्या माणसापेक्षा जास्त असतात.

आणि लाइनच बंद पडली तर? मॉनिटरिंगचा मेसेजही त्याच लाइनवरून जाणार आहे. म्हणून उलटी व्यवस्था लावा: ऑफिसातल्या मशीनने दर पाच मिनिटांनी बाहेरच्या एखाद्या सेवेला 'मी आहे' असं कळवायचं आणि ते कळवणं थांबलं की त्या सेवेने तुमच्या मोबाइलवर मेसेज टाकायचा. लावून झाल्यावर दुपारी जेवणाच्या सुट्टीत, सगळ्यांना सांगून, राउटरमधून इंटरनेटची केबल काढा आणि मोबाइल हातात घेऊन बसा. त्याचं वाय-फाय आधी बंद करा. दहा-बारा मिनिटांत मेसेज आला तर केबल परत लावा. नाही आला तर आधी त्या सेवेतला मोबाइल नंबर तपासा. जुन्या कर्मचाऱ्याचा नंबर तिथे तसाच राहिलेला असू शकतो.