शिंपल्यांना कुजवलेल्या वनस्पतींचे खाद्य देताना या चुका टाळा

कालवे, तिसऱ्या आणि इतर शिंपले पाणी गाळून पोट भरतात. त्यांचे मुख्य खाद्य असलेले सूक्ष्म शैवाल कमी पडू लागले की, कुजवलेल्या वनस्पतींच्या कणांची जोड देण्याचा उपाय केला जातो. उपाय योग्य आहे. परंतु पान हेच खाद्य आहे, असे समजल्यामुळे तो बऱ्याचदा फसतो. पानाला कडकपणा देणारे लिग्निन शिंपल्यांना पचत नाही आणि पानातील तंतुमय सेल्युलोजही बेताचेच पचते. खरे पोषण पानावर वाढणाऱ्या जिवाणूंचे आणि आदिजीवांचे (एकपेशीय सूक्ष्मजीवांचे) असते व कुजताना कार्बनच्या तुलनेत नायट्रोजनचे प्रमाण वाढते, ते प्रामुख्याने त्यांच्यामुळेच.

म्हणून ताजा पाला थेट तळ्यात टाकणे ही सर्वांत महागात पडणारी चूक होय. सुरुवातीच्या दिवसांत त्यातून साखर आणि टॅनिन ही तुरट द्रव्ये पाण्यात उतरतात, जिवाणू एकाएकी वाढतात आणि विरघळलेला प्राणवायू झपाट्याने घटतो. पाला वेगळ्या टाकीत, सतत हवा खेळवत कुजवावा आणि सुरुवातीचे गडद पाणी तळ्यात न सोडता बाजूला काढावे. टाकीतून सडक्या अंड्यासारखा वास आला, तर आत प्राणवायूविना कुजणे सुरू होऊन हायड्रोजन सल्फाइड तयार झाला आहे, असे समजावे. असे मिश्रण पातळ करूनही वापरू नये.

वनस्पतीची निवडही महत्त्वाची असते. समुद्रशैवाल मऊ असल्याने लवकर कुजते. खारफुटीची पाने टॅनिनमुळे सावकाश कुजतात. कीटकनाशक फवारलेल्या पिकांचे अवशेष मात्र पूर्णपणे वर्ज्य मानावेत, कारण शिंपल्यांच्या शरीरात घातक द्रव्ये साठतात.

कण जाड राहिले, तर ते तळाशी बसतात किंवा शिंपले ते चिकट स्रावात गुंडाळून बाहेर टाकतात. शिंपले ठेवलेल्या पिंजऱ्याखाली असे दोरीसारखे धागे भरपूर दिसू लागले, की खाद्य वाढवण्याचा मोह होतो. वास्तविक, तेव्हा ते कमी करून बारीक कापडातून गाळून घ्यावे. शिंपले साधारण पाच मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठे कण चांगले अडवतात, त्यामुळे अतिसूक्ष्म गाळाचाही फारसा उपयोग नसतो. तळ काळा पडला किंवा दिवसभर शिंपा मिटलेल्या दिसल्या, तर खाद्य थांबवून पाणी बदलावे आणि प्राणवायू पहाटे मोजावा, कारण तो तेव्हा सर्वांत कमी असतो.

शिंपा वाढते पण मांस भरत नाही, ही तक्रार बहुधा शैवाल पूर्णपणे बंद केल्यावर उद्भवते. शिंपल्यांना लागणारी दीर्घ साखळीची मेदाम्ले आणि स्टेरॉल हे मेदासारखे घटक कुजलेल्या कणांत अपुरे असतात. शिंपल्यांच्या अळ्यांना, म्हणजे नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना, तर हे खाद्य देऊच नये. मोठ्यांनाही ते केवळ पूरक म्हणून द्यावे. विक्रीपूर्वी शिंपले काही काळ स्वच्छ, निर्जंतुक केलेल्या पाण्यात ठेवावेत.