ईमेलला किल्ली लावताना मागचं दारही बंद करा

खोट्या लॉगिन पानासमोर लांबलचक पासवर्डचा काही उपयोग नाही. तिथे पासवर्ड आपण स्वतःच टाइप करतो आणि पाठोपाठ ओटीपीही देतो. सिक्युरिटी की नावाची, यूएसबीत लावायची छोटी किल्ली मात्र अशी फसत नाही. तिच्यातलं गुपित बाहेर काढता येत नाही, आणि नोंदवलेला पत्ता सोडून दुसऱ्या साइटसाठी ती सही, म्हणजे ओळखीचा डिजिटल पुरावा, देत नाही.

'फिडो२' (अशा किल्लीने लॉगिन करण्याचं प्रमाणित तंत्र) चालणाऱ्या दोन किल्ल्या घ्या. एकीवर भागवू नका, कारण तिची नक्कल करता येत नाही. ॲपल खात्यावर तर किमान दोन नोंदवल्याशिवाय ही सोय सुरूच होत नाही. यूएसबीचा आकार तुमच्या उपकरणांशी जुळतो का आणि फोनसाठी एनएफसी (किल्ली फोनला नुसती टेकवून वापरण्याची सोय) आहे का, हे बघून घ्या.

खात्याच्या सुरक्षा सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही एकाच बैठकीत नोंदवा. मध्येच ब्राउझर 'पासकी (पासवर्डऐवजी चालणारी डिजिटल किल्ली) या संगणकात ठेवू का' असं विचारेल. तिथे घाईने 'हो' म्हणू नका, सिक्युरिटी कीचा पर्याय निवडा. किल्लीचा पिन लक्षात राहील असाच ठेवा. तो सलग आठ वेळा चुकला की किल्ली कुलूपबंद होते, आणि रीसेट केल्यावर तिच्यावरच्या सगळ्या नोंदी जातात.

खरं काम यानंतर सुरू होतं. बहुतेक सल्ले नेमके इथेच थांबतात, आणि मला त्याचाच राग येतो. मीही याच टप्प्यावर बराच अडलो होतो. किल्ली नोंदवली म्हणून एसएमएसचा रस्ता आपोआप बंद होत नाही. लॉगिनच्या पानावर 'दुसरा मार्ग वापरा' असं लिहिलेलं असतं. हल्लेखोर तेच दाबतो, आणि त्याने तुमचा नंबर दुसऱ्या सिमवर वळवून घेतला असेल तर तुमची किल्ली खिशातच राहते.

म्हणून लॉगिनच्या दुसऱ्या पायरीच्या, म्हणजे पासवर्डनंतरच्या पडताळणीच्या, यादीतून फोन नंबर काढा. मग खातं परत मिळवण्यासाठी दिलेला नंबर आणि ईमेल तपासा. त्यांची यादी बहुधा वेगळी असते आणि नजरेतून सुटते. तो दुसरा ईमेल नुसत्या पासवर्डवर चालत असेल, तर त्यालाही याच किल्ल्या लावा. जुन्या मेल प्रोग्रामसाठी कधीतरी बनवलेले ॲप पासवर्ड रद्द करा, ते किल्ली मागतच नाहीत. किल्ली नसताना आत जाण्यासाठी खात्याकडून मिळणारे बॅकअप कोड कागदावर उतरवा. त्यांचा फोटो काढून त्याच मेलमध्ये ठेवणं म्हणजे सगळ्या मेहनतीवर पाणी.

ही साफसफाई करण्याआधी दुसरी किल्ली चालते याची खात्री करून घ्या, नाहीतर बाहेर तुम्हीच अडकाल. प्रायव्हेट विंडो उघडून फक्त तिच्यावर लॉगिन करून बघा. नंतर बाकी सगळ्या उपकरणांवरून साइन-आउट करा, कारण आधीच उघडं असलेलं सत्र किल्ली विचारत नाही.

दुसरी किल्ली घराबाहेर, भरवशाच्या जागी ठेवा. पहिली हरवली तर हिने आत जाऊन हरवलेलीचं नाव यादीतून लगेच काढा आणि नवी नोंदवा.