पाल पाळायची? मग पिंजरा नको, पडवीतली ट्यूब चालू ठेवा

मागच्या वर्षी मे महिन्यात आमच्या लेकीने (वय वर्षं नऊ) मोबाईलवर कुठलातरी व्हिडिओ बघितला, त्यात एका पोराच्या खांद्यावर काटेरी दाढीवाला सरडा ऐटीत बसलेला, आणि मग झालं, आठ दिवस घरात एकच धोशा, आई मला लिझर्ड पाहिजे. कुत्रा नको, मांजर आहेच, लिझर्डच. सासूबाई ओटीवर रतांबे फोडत बसल्या होत्या, त्यांनी मान वर न करता लाल झालेलं बोट ट्यूबलाईटकडे केलं आणि म्हणाल्या, "ती हंय आसा मां एक, तिकाच पाळ." ट्यूबच्या पट्टीमागे आमची नेहमीची पाल. मी हसले, पण आता सव्वा वर्षाने सांगते, सासूबाई बरोबर होत्या आणि आम्ही खरंच पाल पाळतोय, म्हणजे सांभाळतोय, आणि ते कसं जमतं ते दोन-तीन जणींनी विचारलं म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते.

आधी विकतच्या लिझर्डचं, कारण पोरांना तोच हवा असतो. तो दाढीवाला म्हणजे बियर्डेड ड्रॅगन, मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातला. त्याला काचेच्या टाकीत एका टोकाला 40 अंशांच्या आसपास शेकायची जागा लागते, दुसरं टोक गार लागतं, वर यूव्हीबीचा (उन्हातल्या अतिनील किरणांचा) वेगळा दिवा (तो नसला की अंगाला कॅल्शियम लागत नाही आणि हाडं मऊ पडतात) आणि हवा कोरडी, ह्युमिडिटी 30-40 टक्के. आता आपल्याकडे मिरग लागला की काय होतं ते मी कोकणातल्या माणसांना काय सांगू, चपलांना बुरशी, मिठाच्या बरणीत पाणी, डब्यातले पापड वातड, आणि माड पडून तार तुटली की लाईट दोन-दोन दिवस गायब. अशा हवेत त्या जनावराला छातीचं इन्फेक्शन होतं आणि सरपटणाऱ्या प्राण्यांतलं कळणारा डॉक्टर जवळपास मिळणं कठीण. इग्वाना त्याहून वाईट, पिल्लू असताना हिरवंगार गोड दिसतं पण शेपटीसकट पाच-सहा फूट होतं, शिवाय त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर (वेबसाईटवर) नोंदणी करायला लागते, 2024 चे तसे नियम आहेत.

आणि हो, घोरपडीचं पिल्लू कुणी आंब्याच्या कलमांत सापडलं म्हणून घरी आणत असेल तर हात जोडून सांगते, नको. 1972 च्या वन्यजीव कायद्यात घोरपड पहिल्या शेड्युलमध्ये आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. पकडली, पाळली, मारली तर 3 ते 7 वर्षं आत आणि वर किमान 25 हजार दंड. पूर्वी आरतीत वाजवतात त्या मातीच्या घुमटाला घोरपडीचंच कातडं लावायचे, ते दिवस गेले, आता बकऱ्याचं लावतात आणि घुमताहेत की घुमटं. घोरपड विहिरीत पडली किंवा घरात शिरली तर वनखात्याच्या 1926 वर फोन करा, स्वतः शेपटी धरायला जाऊ नका.

तर आता पाल. आपल्या भिंतीवर रात्री चिक् चिक् करते ती बऱ्याचदा हेमिडॅक्टिलस फ्रेनाटस नावाची जात असते, हीच पाल जहाजांतल्या मालाबरोबर फिरत फिरत ऑस्ट्रेलिया, पॅसिफिकमधली बेटं, अमेरिका सगळीकडे पोचलीय, म्हणजे आपल्या खलाशांसारखीच. विषारी अजिबात नाही. भारतातली कुठलीच पाल विषारी नाही आणि सापसुरळीपण नाही, हे आधी घरातल्या मोठ्या माणसांच्या गळी उतरवा, पोरांना काही प्रॉब्लेम नसतो. माझा नवरा गिरगावात वाढलेला, पाल दिसली की खुर्चीवर पाय घेऊन बसायचा. त्याच्यावर उपाय एकच निघाला, लेकीने पालीचं नाव ठेवलं. शेपटी मांजरीने तोडलेली म्हणून बांड्या. नाव ठेवल्यावर माणूस जरा कमी घाबरतो, का ते मला माहीत नाही.

आता मुख्य युक्ती, जी कळायला मला सहा महिने लागले. पालीला घालवता येत नाही पण कुठे राहायचं ते आपण ठरवू शकतो, आणि ते ठरतं लाईटने. पांढऱ्या-निळसर लाईटवर किडे जास्त येतात, पिवळ्या वॉर्म एलईडीवर बरेच कमी. आम्ही पडवीत पांढरी ट्यूब ठेवली आणि स्वयंपाकघर, माजघर सगळीकडे पिवळे बल्ब लावले, संध्याकाळी साडेसातला पडवीतली ट्यूब लावायची आणि जेवणं आटपली की बंद. पंधरा दिवसांत स्वयंपाकघरातल्या दोन्ही पाली पडवीत शिफ्ट झाल्या, कारण जिथे किडे तिथे त्या. पहिल्या पावसात पंखवाली वाळवी उठते ना, त्या संध्याकाळी खुर्च्या टाकून बघत बसा, सिरियल वगैरे काही लावायची गरज नाही. पाल आधी गप्प बसते, मग शेपटीचं टोक जरासं हलतं, आणि मग एकदम. बांड्याने एका बैठकीत अकरा खाल्ल्या, लेकीने मोजलेत, पंखांचा पाऊस आमच्या भातात.

यावरून दुसरं, जेवायचं टेबल किंवा पाट ट्यूबखाली नको. पालीची शी म्हणजे काळी कांडी आणि टोकाला पांढरा ठिपका, तो पांढरा ठिपका म्हणजे तिची लघवी, पाणी वाचवायला ती घट्ट करून टाकते. दिसायला किरकोळ, पण त्यात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात आणि दुधात पाल पडली की विषबाधा होते म्हणतात त्यातलं खरं एवढंच, विष नाही, जंतू. म्हणून दुधाचं पातेलं, माठ, पिठाचा डबा, सगळ्यावर झाकण, आणि पाल पडलेलं दूध ओतूनच टाकायचं, उकळून बघू वगैरे नको. ट्यूबखाली जुना पेपर पसरा, सकाळी गुंडाळून टाका, फरशी फिनेलने पुसा, साबणाने हात धुवा. रोजचं काम एवढंच आहे, कुत्र्यापेक्षा किती कमी बघा.

खायला काही घालायचं नाही. भात नाही, दूध नाही, सुकी करंदी नाही (लेकीने ट्राय केलं होतं, मांजरीने खाल्ली). तिला हलतं जिवंतच लागतं. पाणी मात्र एप्रिल-मे मध्ये मी देते, झाडांवर मारायचा स्प्रे घेऊन संध्याकाळी भिंतीवर दोन फवारे, ती येऊन थेंब चाटते. त्याच जिभेने डोळे पण पुसते कारण पापण्या नसतात, हे पहिल्यांदा बघताना नवऱ्याची खुर्ची दोन फूट पुढे सरकली होती.

औषधं बंद करायला लागतात, इथेच बरेच जण मागे सरतात. झुरळांचा स्प्रे, खडूच्या रेघा, जेल, हे लावलं की मरतुकडं झुरळ सावकाश चालतं आणि पाल तेच आधी पकडते. आम्ही स्प्रे सोडला, मोरीत रात्री जाळी बसवून टाकली, खरकटं ठेवत नाही. झुरळं शून्य झालीत असं म्हणणार नाही. मोरपिसं आणि अंड्याची टरफलं लावून पाल पळते म्हणतात त्यावर काय बोलणार, आमच्या देवघरातल्या मोरपिसांच्या मागेच एक राहते.

पाली मरतात कशाने तर बहुतेक वेळा आपल्यामुळेच. दाराच्या बिजागरीत चिरडतात, म्हणून रात्री पडवीचं दार लावताना आधी हलकं आपटायचं आणि मग लावायचं. बादलीत पडतात, बाहेर चढता येत नाही, म्हणून मोरीतल्या बादलीत एक काठी तिरकी. स्विचबोर्डात शिरून शॉक लागून मरतात आणि फ्यूज उडवतात तो वेगळा, भोकं एम-सीलने बुजवा.

आणि उंदरांचं चिकट पॅड. हे माझं पाप आहे म्हणून सविस्तर सांगते. गेल्या गणपतीच्या आधी माळा झाडताना उंदराच्या लेंड्या दिसल्या, मी फ्रिजमागे पॅड ठेवलं आणि विसरले. रात्री अकराला लेक रडत आली, बांड्या पॅडवर. उजवे दोन पाय, पोट आणि हनुवटी चिकटलेली, डोळे उघडे, बरगड्या धडधडताना दिसत होत्या. ओढायचं नाही हे पहिलं, ओढलं की कातडी निघते. आधी रिकाम्या गोंदावर तांदळाचं पीठ भुरभुरलं म्हणजे सुटलेला पाय परत चिकटणार नाही. मग वाटीत खोबरेल, कानात घालायची इअरबड बुडवून एकेका पायाखाली थेंब सोडायचा, दोन मिनिटं थांबायचं, आणि बोटाच्या टोकाकडून हळूच उचलायचं. पाल स्वतः चालताना पाय तसाच उचलते, टोकाकडून सोलत, कारण बोटांखाली लाखो बारीक केस असतात आणि चिकटपणा त्यांचा असतो, गोंद वगैरे नसतो. नाकाजवळ तेल नाही. वीसेक मिनिटं लागली, टॉर्च धरायला नवरा होता, हो तोच. सुटल्यावर कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा अर्धा थेंब टाकून पोट पुसलं, साध्या पाण्याने परत पुसलं आणि मोरीत कोरड्या फडक्यावर ठेवून दार ओढून घेतलं. रात्रभर तिथेच बसलेला, तेलकट पायांनी चढता येईना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भिंतीवर. पॅड त्या दिवसापासून घरात नाही, उंदरांसाठी जाळीचा पिंजरा आणलाय.

मुलांना नियम दोनच ठेवलेत. हात लावायचा नाही, आणि शेपटी तोडून गंमत बघायची नाही. शेपटी परत येते हे खरं, पण तिच्यात पालीची चरबी साठवलेली असते, तुटली की साठाच गेला, आणि नवीन येते ती आतून हाडाची नसते, कूर्चेची असते, बांड्याची आलेली शेपटी जाडजूड आणि वेगळ्याच रंगाची आहे. हात लावायला मिळत नाही तर मग करायचं काय, तर वही. आमची लेक तारीख, वेळ, किती पाली, काय खाल्लं, किती वेळा चुकचुकली असं लिहिते. चुकचुकली की सासूबाई "खरा आसा" म्हणत बोटांनी जमिनीवर टकटक करतात, ते पण वहीत आहे. एकदा सासूबाईंच्या खांद्यावर पाल पडली, तर पंचांगातलं पाल पडल्याचं फळ काढून बघितलं गेलं, उजवा खांदा की डावा यावर अर्धा तास चर्चा, शेवटी अंघोळ करून त्या झोपल्या.

आता ताजी बातमी. जुलैत बांड्या ट्यूबच्या काचेवर बसलेला असताना खालून पोट उजेडात दिसलं, आणि आत दोन पांढरे गोळे, वाटाण्याएवढे. पालीच्या पोटातली अंडी कातडीतून चक्क दिसतात. म्हणजे बांड्याची बांडी झाली, लेकीने वहीवर नाव खोडून दुरुस्त केलं. अंडी मिळाली भिंतीवरच्या घड्याळामागे, दोनच असतात एका वेळी, कवच कडक. तुम्हाला सापडली तर हलवू नका, अगदीच हलवायला लागली तर वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करा आणि तीच बाजू वर ठेवा, कोंबडीच्या अंड्यासारखं फिरवलं तर आतलं पिल्लू मरू शकतं. दीड-दोन महिने लागतात. घड्याळाचा सेल त्याच आठवड्यात संपला आणि खाली काढायला लेक देत नाही, त्यामुळे आमच्या माजघरात गेले चाळीस दिवस चार वीस वाजलेत, वेळ मोबाईलमध्ये बघतो.