शॅम्प्लेनवर रात्री नांगर टाकायचा तर

बॉस्टनकडची आपली मंडळी बोट घेऊन शॅम्प्लेन तळ्याकाठच्या बर्लिंग्टनला आली की मला हमखास विचारतात, "ताई, रात्री थांबायला सगळ्यात सुंदर बे (छोटी खाडी) कुठली?" मी उलट विचारते, आज रात्री वारा कुठला? अमेरिकेच्या व्हर्मॉन्ट आणि न्यूयॉर्क राज्यांमधलं हे लेक शॅम्प्लेन दक्षिणोत्तर सुमारे १९० किलोमीटर लांब आहे. दक्षिणेचा वारा सुटला की लाटांना मोकळं रान मिळतं, आणि फोटोत छान दिसणारी बे रात्रभर झोपू देत नाही.

नवख्यांना मी व्हॅल्कोर बेटाकडे पाठवते. प्लॅट्सबर्गच्या थोडं दक्षिणेला, न्यूयॉर्कच्या किनाऱ्याजवळ. वारा पश्चिमेचा असेल तर पूर्वेकडच्या स्लूप कोव्हसारख्या खाचेत शिरायचं, पूर्वेचा असेल तर पश्चिमेला. १७७६ मध्ये, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, अमेरिकन सेनानी बेनेडिक्ट अर्नोल्डने आपलं आरमार बेट आणि किनारा यांच्यामधे दडवलं होतं. ब्रिटिश जहाजं उत्तरेच्या वाऱ्यावर बेटापुढे निघून गेली, आणि मग वाऱ्याच्या तोंडावर मागे फिरताना मेटाकुटीला आली.

चार्टवरची (तळ्याच्या नकाशावरची) खोली पाणी कमी असतानाची धरलेली असते. पण मे महिन्यात बर्फ वितळून पाणी चढलेलं असतं; तेव्हा ज्या खडकावरून बिनधास्त गेलात, तो सप्टेंबरात बोटीचा तळ खरवडू शकतो.

आता नांगर. वाऱ्याकडे तोंड करून हळू या. बोट पूर्ण थांबली की नांगर हाताने खाली सोडा. फेकलात तर साखळी त्यालाच गुंडाळून बसते. वाऱ्याने बोट मागे सरकू लागली की दोर देत राहा. किती? पाणी १२ फूट, पाण्यापासून बोटीच्या नाकापर्यंत ३ फूट, बेरीज १५. दोर या बेरजेच्या सातपट, म्हणजे १०५ फूट. नुसती पाण्याची खोली धरणारे इथेच २१ फुटांनी चुकतात. दोर आखूड असला की ओढ वरून लागते आणि नांगर उपटतो. लांब असला की आडवी लागते आणि तो गाळात रुततो. दोर बोटीच्या पुढच्याच क्लीटला (दोर बांधायच्या खुंटीला) बांधा. मागे बांधलात तर लाट थेट बोटीत.

मग इंजिन रिव्हर्समध्ये, आधी अलगद, नंतर जोरात. दोरावर हात ठेवा. नांगराने धरलं असेल तर दोर ताठ होतो. घसरत असेल तर हाताला थरथर जाणवते. इथे पाण्याखाली मिलफॉइल नावाचं गवत माजलंय, त्यावरून नांगर गालिच्यावरून सरकावा तसा सरकतो. वर काढलात तर हिरवा भारा येतो. साफ करा, मोकळा गाळ बघून पुन्हा टाका. तीनदा टाकावा लागला तरी लाजू नका. शेजारच्या बोटीवरचे बघणारच, त्यांना त्या वेळी दुसरं काम नसतं.

बोटीच्या बगलेला, किनाऱ्यावरची पुढे-मागे असलेली दोन झाडं एका रेषेत धरा. रेष मोडत चालली की समजा, घसरतोय. रात्री पांढरा दिवा लावा. टॉयलेटचं पाणी, प्रक्रिया केलेलंसुद्धा, लेकमध्ये सोडायला बंदी आहे. ते मरिनावर (बोटींच्या धक्क्यावर) पंपाने काढून घ्या.

सकाळी नांगरावरचं गवत तिथेच काढा. ट्रेलरवरून बोट दुसऱ्या तळ्यात नेणार असाल तर आतलं सगळं पाणी काढून बोट कोरडी करा; झेब्रा शिंपले (बाहेरून आलेले, उपद्रवी छोटे शिंपले) त्याच वाटेने पसरतात.