जुन्या नोकऱ्यांची पेन्शन शोधताना या चुका टाळा

नोकऱ्या बदलत आलेला माणूस जुना पीएफ शोधायला बसला की पासबुकात आधी शिल्लक बघतो. पेन्शनसाठी तो आकडा फारसा कामाचा नाही. कर्मचारी पेन्शन योजना 1995, म्हणजे ईपीएस, नोकरीची वर्षं मोजते. 10 वर्षं भरली, तर 58व्या वर्षापासून दरमहा पेन्शन.

हे ठाऊक नसल्यामुळेच पीएफ ट्रान्स्फर झाल्यावर पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसलं की लोक घाबरतात. पैसे कुठेही गेलेले नसतात. कंपनीच्या 12 टक्क्यांपैकी 8.33 टक्के (तेही पगाराच्या ठरावीक मर्यादेपर्यंतच) ईपीएसच्या सामायिक निधीत जातात. नव्या खात्यात येते ती फक्त सेवा, म्हणजे नोकरीचा काळ. म्हणून ईपीएफओच्या (कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या) पोर्टलवर ‘सर्व्हिस हिस्टरी’ उघडा आणि प्रत्येक नोकरीची रुजू व सोडल्याची तारीख तपासा. सोडल्याची तारीखच नसणं हा नेहमीचा घोळ. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटले असतील, तर ती तुम्हाला स्वतः भरता येते.

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे छोट्या नोकरीची ईपीएस रक्कम फॉर्म 10सी भरून काढून घेणं. समजा, एकीकडे 4 वर्षं झाली, दुसरीकडे 7. जोडली तर पेन्शन पक्की. चार वर्षांचे पैसे उचलले, तर हातात उरतात सातच. त्याच फॉर्मवर पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेल्या सेवेचा दाखला, मागता येतं, ते मागा.

2014 च्या आधी सोडलेल्या नोकरीला यूएएन (सगळ्या नोकऱ्यांची पीएफ खाती जोडणारा क्रमांक) नसतो. तिथे जुनी पगाराची स्लिप शोधा. तिच्यावरच्या पीएफ नंबरात विभागीय कार्यालय आणि कंपनी दोन्हींचा कोड असतो. कंपनी बंद पडली म्हणून नाद सोडू नका, नोंदी पीएफ कार्यालयाकडे असतात. मोठ्या कंपनीचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट असेल, तर ट्रस्टकडे असतो तो फक्त पीएफ. पेन्शनचा हिस्सा तेव्हाही ईपीएफओकडेच जातो. ट्रस्टच्या दारात पेन्शन विचारत बसू नका.

दोन यूएएन असतील, तर जुन्यातली खाती चालू यूएएनमध्ये ट्रान्स्फर करून घ्या. नाव किंवा जन्मतारीख आधारशी जुळत नसेल, तर आधी ती दुरुस्ती करा, मगच दावा. आणि एजंटला पैसे कशाला? ईपीएफओ दाव्याचं शुल्क घेत नाही. काम अडलं, तर ईपीएफआयजीएमएस या ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर तक्रार टाका. सोबत जुना पीएफ नंबर, नोकरीच्या तारखा आणि स्लिपची प्रत जोडा. नुसतं ‘माझे पैसे मिळाले नाहीत’ लिहिलं, तर उलट हीच माहिती मागणारं उत्तर येतं.