चेंडू रॅकेटवर नेऊन देऊ नका

लहान मुलांना टेनिस शिकवायला निघालात, म्हणजे ग्रिप (रॅकेट धरणं) आणि स्विंग (ती फिरवणं) तुम्हाला येतंच, त्यामुळे त्यावर काही लिहीत नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलांना शिकवताना मी जिथे फसले, ते सांगते.

पहिलं वर्ष मी वाया घालवलं, माझं आणि त्या मुलांचंही. दोन मीटरवरून हाताने चेंडू टाकायचे, मूल मारायचं, दहातले आठ चेंडू जाळीपलीकडे. कुंपणाबाहेर पालक खूश, मीही खूश. एक दिवस मुलांना समोरासमोर खेळायला लावलं आणि पाय कुणाचेच हलेनात. चेंडू हातभर बाजूने गेला तरी मूल जागच्या जागी रॅकेट फिरवत उभं.

चूक माझी होती. टप्पा कुठे पडेल, चेंडू किती उसळेल, पुढे जायचं की मागे, हे सगळं माझा हातच ठरवत होता. मुलाला उरलं होतं फक्त हात फिरवणं. आधी डोळ्यांनी अंदाज, मग पायांनी जागा, शेवटी हात. मी शेवटाकडून सुरुवात केली होती. हे लवकर कळत नाही, कारण असा आयता चेंडू मिळाला की मूल तयार वाटतं. म्हणून दर आठवड्याला तपासा: एक चेंडू डावीकडे टाका, एक उजवीकडे, एक आखूड. पाय हलले नाहीत तर रॅकेट बाजूला ठेवा.

मग रिकाम्या हातांनी टप्प्यानंतर झेलू द्या. मैदानावर खुणेसाठी ठेवतात तो शंकू उलटा धरून त्यात चेंडू पकडायला सांगितलं की पाय आपोआप धावतात. तोलासाठी लंगडी घ्या. लगोरीत खांद्यावरून फेकलेला चेंडू म्हणजे सर्व्हिसची पहिली पायरी. पायांच्या सरावासाठी जमिनीवर अंथरतात त्या शिडीवर पैसे घालवू नका. तिथे नाचणारे पाय चेंडूकडे जातीलच असं नाही. आणि सल्ला ट्रॉफ्या मोजून घेऊ नका, रोज लहानांची बॅच घेणाऱ्याकडून घ्या.

लहानांसाठीचा लाल चेंडू पाहून पालक कुरकुरतात. त्यांना सांगा, तो नेहमीच्या चेंडूपेक्षा सुमारे ७५ टक्के हळू असतो, आणि २०१२ पासून आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमानुसार दहा वर्षांखालच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू चालत नाही.

पहिला महिना काहीच दिसणार नाही. घाबरू नका, आत काम चालू असतं. माझ्या बॅचमधल्या एका मुलीने सहाव्या आठवड्यात, टप्पा पडायच्या आधीच, चेंडू बाहेर चाललाय हे ओळखलं आणि रॅकेट मागे घेतली.