‘भटकणे’ हा शब्द कुठे वापरावा, कुठे टाळावा

‘भटकणे’ लिहिण्यापूर्वी एक गोष्ट तपासावी: चालणाऱ्याजवळ नेमके काय नाही? पोहोचण्याचे ठिकाण ठरलेले नसेल, तर हा शब्द चपखल बसतो. ठिकाण ठरलेले असून रस्ता सापडत नसेल, तर मराठी माणूस ‘वाट चुकतो’. ‘तो वाट भटकला’ ही रचना हिंदीच्या वळणाची आहे आणि ती टाळावी. वारा, प्रवाह किंवा विषयांतर यांमुळे मूळ दिशा सुटली असेल, तर ‘भरकटणे’ हवे. जहाज भरकटते, चर्चाही भरकटते. म्हणून ‘मुद्द्यापासून भटकू नका’ असे न लिहिता ‘भरकटू नका’ असे लिहावे. मन मात्र भटकते, कारण त्याला मुळात ठरलेली वाट नसते.

‘भटकंती’ या नामाला आज स्वखुशीचा, आनंदाचा रंग आहे. सह्याद्रीतले गडकोट पाहत हिंडणारे आपल्या छंदाला भटकंती म्हणतात आणि स्वतःला कौतुकाने ‘भटके’ म्हणवून घेतात. म्हणूनच ‘हंडाभर पाण्यासाठी महिलांची भटकंती’ असा मथळा मला खटकतो. त्या बायकांना कुठे जायचे आणि कशासाठी जायचे हे पुरते ठाऊक असते. त्यांच्या वाट्याला आलेली असते ती सक्ती. तिथे ‘वणवण’ किंवा ‘पायपीट’ हेच शब्द योग्य आहेत. ‘हिंडणे’ बहुतेक ठिकाणी निर्धोक चालते. ‘उंडारणे’ व ‘उनाडणे’ यांत वडीलधाऱ्यांचा राग असतो. ‘भ्रमंती’ थोडी ग्रांथिक वाटते. पंढरीच्या वारीला यांतला एकही शब्द लावू नये, कारण तिचे ठिकाण आणि तिथी दोन्ही ठरलेली असतात.

विशेषण वापरताना अधिक जपावे. ‘भटकी कुत्री’ रूढ आहे. पण बाईला ‘भटकी’ म्हणणे म्हणजे तिच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवणे, आणि पुरुषाच्या बाबतीत त्याच शब्दाला तेवढा विखार नसतो, हे लिहिणाऱ्याने विसरू नये.

‘भटक्या जमाती’ ही महाराष्ट्रातील शासकीय वर्गवारी आहे, त्यामुळे त्या नावाने उल्लेख करावाच लागतो. त्याच्या जोडीला येणारा ‘विमुक्त’ हा शब्द, १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या आणि १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाल्यावर त्या शिक्क्यातून सुटलेल्या जमातींचा आहे. मात्र नावातले विशेषण त्यांच्या जगण्याच्या वर्णनात आणताना थांबावे. पावसाळा सरल्यावर मेंढ्या घेऊन कोकणाकडे उतरणारा आणि पुढच्या पावसाआधी देशावर परतणारा धनगर चाऱ्याचा, पाण्याचा आणि कोणाच्या शेतात मेंढ्या बसवायच्या याचा हिशेब मांडूनच निघतो. त्याच्या या प्रवासाला ‘हंगामी स्थलांतर’ म्हणावे, आणि त्याच्या जीवनक्रमाला ‘फिरता’.